प्रथम वर्षाला आजचं विज्ञान आणि त्यातले नैतिक प्रश्न : कोकणातल्या वर्गासाठी काय घ्यावं?

कातळसडा

नव्या शैक्षणिक धोरणात प्रथम वर्षाला दुसऱ्या शाखेचा एक पेपर घ्यावा लागतो, हे ज्यांची मुलं कॉलेजात आहेत त्यांना माहीत असेल. ते ओपन इलेक्टिव्ह यंदा माझ्या गळ्यात आलंय. दोन क्रेडिट, म्हणजे तीस तास. समोर बीए आणि बीकॉमची पोरं. दहावीनंतर विज्ञानाशी संबंध तुटलेला, आणि बऱ्याच जणांना तो तुटल्याचा आनंदच झालेला. विज्ञानात सध्या काय चाललंय आणि त्यातलं बरं-वाईट कोण ठरवतं, हे त्यांच्यापर्यंत पोचवायचं आहे.

तयार आराखडे पाहिले. सगळ्यांची तऱ्हा एकच. आधी जनुक संपादन, कृत्रिम बुद्धिमत्ता, अणुऊर्जा, हवामानबदल. मग शेवटच्या आठवड्यात नैतिकतेचे दोन तास, जे परीक्षा तोंडावर आली की हमखास बुडतात. मला हे पटत नाही. ज्या तासाला शोध सांगायचा त्याच तासाला 'हे कुणी ठरवलं, कुणाला विचारलं आणि निस्तरणार कोण' हेही आलं पाहिजे. नाहीतर नीती म्हणजे वरून भुरभुरलेली कोथिंबीर होते.

दुसरी अट, उदाहरणं शक्यतो इथली हवीत. एका स्नेह्याने ट्रॉली प्रॉब्लेम सुचवला, म्हणजे धावती ट्राम रुळावरच्या पाच जणांवर जाऊ द्यायची की वळवून एकावर घालायची, हे कोडं. आमच्या पोरांनी ट्राम पाहिलेली नाही, आणि रुळावर बांधलेली पाच माणसं तर कुणीच पाहिलेली नाहीत.

पहिला तास मी ठरवलाय. विजयदुर्ग. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत. लहानपणापासून ऐकत आलोय की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने तिथूनच हेलियम शोधला. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. प्रत्यक्षात त्या दिवशी लॉकियर भारतात नव्हताच. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, मद्रास वेधशाळेचा पॉग्सन मछलीपट्टणला. सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा लॉकियरने पाहिली २० ऑक्टोबर १८६८ ला, इंग्लंडात बसून, ग्रहण नसताना. विजयदुर्गाला तो आला खरा, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीने पृथ्वीवरच्या खनिजातून हेलियम वेगळा काढून तीन वर्षं होत आली होती.

हे पोरांपुढे ठेवायचं आणि विचारायचं, आता किल्ल्यावर पाटी लावायची तर काय लिहाल? बाकीच्या तासांसाठी सुचवा.

बांगड्याचं_तिखलं

मास्तरानू, आमच्या वाट्याक एकच शोध इलो, तो सुदा काढून घेतल्यात? आता १८ ऑगस्टाक भाषणा करणाऱ्यांनी काय करूचा?

मस्करी सोडा. माझी खरी शंका अशी की पहिल्याच दिवशी तुम्ही पोरांच्या गावचा मान काढून घेतलात, तर उरलेले एकोणतीस तास ती तुमच्याकडे संशयानेच बघतील. बाहेरून आलेला प्रत्येक शहाणा आम्हाला हेच सांगतो, तुमचं सगळं खोटं. मी असतो तर हा तास पंधराव्याला घेतला असता.

दुर्बीण

मान जातो कुठे? १८९८ ची मोहीम लहानसहान नव्हती. 'मेल्पोमिनी' नावाच्या युद्धनौकेवरचे खलाशी लॉकियरच्या मदतीला होते. दुर्बिणी उभारायला आणि निरीक्षणं घ्यायला त्यांनाच तयार केलं होतं. ते ओटे त्या ग्रहणाचे. खरी गोष्ट ऐकीव गोष्टीपेक्षा कमी रंगतदार नाही.

शिवाय यात श्रेयाचा प्रश्न आयताच सापडतो. पॉग्सनलाही १८६८ मध्ये ती पिवळी रेषा सोडियमच्या जागी बसत नाही असं दिसलं होतं. त्याचा अहवाल मद्रासेत छापला गेला आणि तिथेच राहिला. जान्सेन आणि लॉकियर यांची पत्रं मात्र पॅरिसच्या अकादमीत पोचली आणि दोघांचे चेहरे एका पदकावर आले. त्याच मद्रास वेधशाळेत चिंतामणि रघुनाथाचारी होते. १८६७ मध्ये त्यांनी एक रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारा तारा शोधला. आपल्यातल्या किती जणांनी त्यांचं नाव ऐकलंय? खलाशांची तर नावंही सांगता येत नाहीत. शोधनिबंधावर कुणाचं नाव पहिलं, कुणाचं शेवटचं आणि कुणाचं नाहीच, हा आजचाही रोजचा तंटा आहे. बीकॉमच्या पोरांना तो लगेच कळेल, कारण हिशेब कुणी लिहिला आणि सही कुणाची, हे त्यांना ठाऊक असतं.

उधाण

माझ्याकडून एक तास घ्या. वर्गात नको, बंदरावर.

सप्टेंबर २०२३ मध्ये सिल्व्हर पापलेट राज्यमासा झाला. त्याच सुमारास राज्याने माशांच्या किमान कायदेशीर लांबीचे आकडेही ठरवून दिले. पापलेटला १३५ मिलिमीटर. त्याहून लहान पकडायचा नाही, कारण त्याने एकदाही अंडी घातलेली नसतात. पोरांना चार-चारच्या गटात लिलावाच्या वेळी न्या, प्रत्येकाच्या हातात शाळेतली प्लॅस्टिकची पट्टी. एकच पापलेट चौघांनी मोजायचा. आकडे जुळणार नाहीत. कुणी शेपटीच्या टोकापर्यंत मोजेल, कुणी खाचेपर्यंत, कुणी मासा वाकलेलाच धरेल. मोजमापातली चूक म्हणजे काय, हे फळ्यावर अर्धा तास सांगण्यापेक्षा इथे पाच मिनिटांत कळतं. आणि १३५ च्या आसपासच्या माशावर ही चूक म्हणजे कायदा मोडला की नाही, हा प्रश्न होतो.

आता मी हे का सांगतोय ते. मागे एका कॉलेजची मुलं असंच सर्वेक्षण करायला आली होती. चांगली मुलं, अभ्यासू. त्यांनी बारक्या पापलेटांचे फोटो काढले आणि व्हॉट्सॲपवर फिरवले, 'बघा कशी लूट चालते'. फोटोत टोपली होती आणि टोपलीमागे आमची एक काकी होती, चेहरा स्पष्ट. मासे धरले होते ट्रॉलरने, जाळ्याचा आस (छिद्राचा आकार) ठेवला होता मालकाने, माल उतरवला होता तांडेलाने. फोटोत आली ती शंभर-दोनशे रुपये सुटावेत म्हणून उन्हात बसलेली बाई. पुढचे कितीतरी दिवस गिऱ्हाईक तिला टोमणे मारून जात होतं. त्या मुलांना यात काही वावगं वाटलंच नाही, कारण त्यांच्या लेखी तो 'डेटा' होता.

हे घ्या तुमच्या तासाला.

कातळसडा

उधाण, हा तास पक्का. फोटोचं आधी सांगायचं नाही असं ठरवतोय. फोन खिशात ठेवायलाही सांगणार नाही. काय करतात ते बघू, आणि वर्गात आल्यावर पुढे पाठवण्याआधीच बोलू.

रसायनी

सगळं छान चाललंय, पण जरा जमिनीवर या. मी वीस-पंचवीस वर्षं याच पोरांना रसायनशास्त्र शिकवलंय. त्यांना टक्केवारी येत नाही. 'धोका दुप्पट झाला' म्हटलं की घाबरतात; लाखात एकाचा लाखात दोन झाला की शंभरात दहाचा वीस झाला, हे कुणी विचारत नाही. ज्याला एवढं कळत नाही त्याच्यापुढे नीतीची चर्चा ठेवली की ती चर्चा राहत नाही, ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं होतं. निदान पहिले पाच तास आकड्यांना द्या. मग पाहिजे तेवढे वाद घाला.

आणि सगळं कोकणातलंच हवं हा हट्ट सोडा. जनुक संपादन, म्हणजे सजीवाच्या जनुकातच नेमका बदल करणं, टाळता येणार नाही. २०१८ मध्ये चीनमध्ये हे जियानकुई याने संपादित गर्भातून जुळ्या मुली जन्माला घातल्या आणि तो तुरुंगात गेला. २०२० मध्ये त्याच तंत्राला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. २०२३ मध्ये ब्रिटनने सिकल सेल या रक्ताच्या आजारावरच्या उपचारासाठी ते मान्य केलं. पाच वर्षांत एकाच तंत्राची ही तीन रूपं. ते पोरांना दाखवाच. घरचं उदाहरण हवंच असेल तर भात आहे. मे २०२५ मध्ये देशाने जनुक संपादित भाताची दोन वाणं जाहीर केली, त्यातलं एक सांबा महसुरीपासून केलेलं 'कमला'. बाहेरचं जनुक आत घातलेलं नाही म्हणून अशा वाणांना जीएमचे (बाहेरचं जनुक घातलेल्या पिकांचे) कडक नियम २०२२ पासून लागू नाहीत. उद्या ते पेजेच्या ताटलीत आलं तर पोत्यावर तसं लिहिलेलं असावं का? यावर माझं मत ठाम आहे, असावं. पण माझ्या घरातच तिघांची तीन मतं आहेत.

कलमवाला

भात राहू दे, आंब्याचं बोला. बाईंना रसायन हवंय ना, मग कल्टार घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो. पॅक्लोब्युट्राझोल, ज्याला आम्ही सगळे कल्टारच म्हणतो, ते झाडातल्या जिबरेलीन या वाढीच्या संप्रेरकाला आवर घालतं. पालवी कमी फुटते, मोहोर लवकर आणि भरपूर येतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यावर काम करून मात्रा ठरवून दिली, झाडाच्या विस्ताराच्या मीटरमागे इतके मिली, जुलै-ऑगस्टमध्ये बुंध्याभोवती आळं करून. मात्रेत घातलं, खत-शेणखत नीट दिलं, तर झाड चालतं. मी स्वतः वापरतो.

गंमत पुढे आहे. आमच्याकडे निम्म्या बागा कराराने दिलेल्या. मालक मुंबईला, बाग घेणारा दोन-तीन वर्षांसाठी. त्याला त्या दोन-तीन वर्षांत पैसे काढायचे. झाड त्याचं नाही, मोहोर त्याचा. मग मात्रेच्या दुप्पट, तिप्पट ओतलं जातं. करार संपतो तेव्हा फांद्या आखूड, पानं गुच्छागुच्छाने, आणि औषध मातीत तसंच. पुढचा येतो तो आणखी वाढवतो, कारण नेहमीच्या मात्रेला झाड आता दाद देत नाही असं त्याला वाटतं.

आता सांगा, दोष रसायनाचा, विद्यापीठाचा, करारवाल्याचा, की सहा महिन्यांतून एकदा फोन करून 'यंदा किती पेट्या' एवढंच विचारणाऱ्या मालकाचा? मी करारवाल्याला सरसकट शिव्या देणार नाही. त्याचंही कर्ज असतं, आणि थ्रिप्सने (फुलकिड्यांनी) मोहोर गेला तर मालक रक्कम कमी करत नाही.

रसायनी

हे मला आवडलं. यात रेणू आहे, मात्रा आहे आणि करारपत्रही आहे. बीकॉमवाल्यांना करारपत्र लिहायला लावा, झाडाची काळजी घेणारं कलम घालून. तोच गृहपाठ.

उपकेंद्र

मी दोडामार्ग भागात आरोग्य खात्यात काम करते, जास्त ओळख देत नाही.

आमच्याकडे २०१६ पासून माकडताप आहे. मूळ १९५७ चा, कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलातला. गोचिडीतून होतो, आणि काजू गोळा करायच्या दिवसांतच जोर धरतो. दर हंगामात रक्ताचे नमुने घ्यावे लागतात. लोक विचारतात, 'बाई, गेल्या वेळी घेतलात त्याचं काय झालं?' ज्याला ताप होता त्याचा रिपोर्ट मिळतो. पण अभ्यासासाठी म्हणून कुणी बाहेरचे येऊन नमुने नेतात, त्यांचा निष्कर्ष गावात परत आलेला मी फारसा पाहिला नाही. कागदावर संमतीची सही असते. मराठीत छापलेला कागदसुद्धा आमच्या आज्यांना वाचून दाखवावा लागतो, आणि वाचून दाखवल्यावर त्या म्हणतात, 'तू सांगतस ना, मग झाला.' ही संमती माझ्यावरच्या विश्वासाची आहे, अभ्यासाची नाही. मला ते ओझं वाटतं.

माकडतापाची जुनी लस पुरेशी उपयोगी नाही म्हणून २०२२ मध्ये थांबली. नवी आली तर तिची चाचणी जिथे रोग आहे तिथेच करावी लागणार, म्हणजे आमच्याच वाड्यांत. तेव्हा तुमच्या वर्गातली आजची पोरं पंचविशीत असतील आणि आजीच्या वतीने 'हो' की 'नाही' तीच सांगतील. म्हणून त्यांना २००९ चं एचपीव्ही लसीचं प्रकरण नक्की शिकवा. आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातमध्ये वडोदऱ्याला हजारो मुलींना लस दिली गेली. अनेक मुली आश्रमशाळांच्या वसतिगृहातल्या, आणि संमतीच्या कागदावर आईबापांऐवजी वॉर्डन नाहीतर मुख्याध्यापकांच्या सह्या. सात मुली दगावल्या, एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, पण सह्यांच्या प्रकाराबद्दल संसदीय समितीने २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले. ही लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवते. मी माझ्या मुलीला दिली आहे. लस चांगली आणि देण्याची रीत वाईट, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, एवढं जरी पोरांना कळलं तरी माझं निम्मं काम हलकं होईल.

दुर्बीण

याला जोडून प्लेगची लस तयार करणारा शास्त्रज्ञ हाफकिन घ्या. मुंबईतल्या प्लेगच्या वेळी त्याने १० जानेवारी १८९७ ला लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर प्रयोग झाला, 'स्वेच्छेने' पुढे आलेल्या. कैद्याची स्वेच्छा म्हणजे किती? आणि १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवालला लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले, ठपका हाफकिनवर आला आणि नाव साफ व्हायला १९०७ उजाडलं. परळची संस्था आज त्याच्या नावाने आहे.

मागचा_बाक

सर, मी तुमच्या कॉलेजचा नाही, पण प्रथम वर्षाचाच आहे, बीए. एक खरं सांगू का? आम्ही ओपन इलेक्टिव्ह निवडताना विषय बघत नाही, तास कधी आहे ते बघतो. शेवटची एसटी पावणेपाचची. चारनंतर तास असेल तर नैतिकता काय, फुकट बिर्याणी असली तरी कुणी थांबणार नाही.

दुसरं, तुम्ही 'असाइनमेंट लिहून आणा' म्हणालात की सगळे एआयकडून लिहून आणणार. मीपण. मग तुम्ही चिडणार आणि 'तंत्रज्ञानाचा गैरवापर' या विषयावर आणखी एक असाइनमेंट देणार, आणि तीही आम्ही तिथूनच आणणार.

तिसरं, कासवांबद्दल कुणीच कसं बोललं नाही?

कातळसडा

एसटीचा मुद्दा वेळापत्रक करणाऱ्यांपर्यंत आजच पोचवतो.

एआयचं मी असं करेन. पहिल्या तासाआधीच सगळ्यांनी फोनवर विचारायचं, 'हेलियम कुठे, कधी, कुणी शोधला आणि विजयदुर्गाचा संबंध काय?' मराठीत विचारायचं, इंग्रजीत विचारायचं, तीन-चार ठिकाणी विचारायचं, उत्तरं उतरवून आणायची. कुठली तारीख कशावरून आली ते प्रत्येकाने शोधायचं. गुण उत्तराला नाहीत, शोधाशोधीला. यंत्राकडून लिहून आणणं हाच गृहपाठ असेल तर चोरी कसली करणार?

कासवांचं तूच लिही.

मागचा_बाक

लिहितो. माझा मामा गुहागरला कासवमित्र आहे. २०२५ च्या जानेवारीत रात्री एक मादी अंडी घालायला आली, तिच्या पायाच्या वल्ह्याला धातूचा बिल्ला होता, ०३२३३. हा बिल्ला ओडिशात २०२१ मध्ये मारलेला. म्हणजे पूर्व किनाऱ्यावरची कासवीण पश्चिमेला आली. तोवर सगळे धरून चालले होते की दोन्हीकडची कासवं वेगळी. एका बिल्ल्यावर आकडा होता म्हणून कळलं. २०२२ मध्ये आपल्या किनाऱ्यावर पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह टॅगही बसवले होते, वेळासच्या मादीचं नाव प्रथमा.

आता प्रश्न. अंडी कोल्ह्या-कुत्र्यांनी खाऊ नयेत म्हणून मामा लोक ती उचलून कुंपणाच्या हॅचरीत पुरतात. पण कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू गरम तर माद्या जास्त. मग हॅचरी सावलीत केली की उन्हात, यावर आपण नर-मादी ठरवतोय का? मामाला विचारलं तर म्हणाला, आधी वाचू तर देत. मला त्याचंही पटतं.

रसायनी

तू बीएला कशाला गेलास रे?

मागचा_बाक

बारावीला केमिस्ट्री होतं म्हणून, मॅडम.

बांगड्याचं_तिखलं

😀 मॅडम, घेवा आता.

पण कोणीतरी विचारायलाच हवं म्हणून मी विचारतो. एवढं सगळं झालं आणि जैतापूर कुठाय? माडबनला सहा अणुभट्ट्या, प्रत्येकी १,६५० मेगावॉट, मिळून ९,९००. २०१० मध्ये करार झाले, मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमाचा अणुअपघात झाला. पंधरा वर्षं आम्ही याच विषयात आहोत. बारसूचं तर विचारूच नका, तिथे कातळशिल्पं आहेत आणि रिफायनरीचं माती परीक्षणही तिथेच. हे सोडून नीतीचा तास घेणं म्हणजे पोरांच्या दृष्टीने तुम्ही घाबरलात.

कातळसडा

घाबरलोय, यात वाद नाही. वर्गात जमीन गेलेल्या घरातली पोरं असतात, ठेकेदारांच्या घरातलीही, आंदोलनात काठ्या खाल्लेल्यांचीही. कॉलेजचं व्यवस्थापनही असतं.

तरी घ्यायचं तर असं घेईन. 'बाजूने की विरोधात' हा वादविवाद मुळीच ठेवणार नाही. त्यात प्रत्येकजण घरून आणलेलं मत घरी परत नेतो. फळ्यावर दोन रकाने. पहिल्यात असे प्रश्न, ज्यांचं उत्तर मोजून मिळू शकतं: समुद्रात सोडलेलं गरम पाणी किती अंतरात निवतं, त्या टापूत कुठले मासे वितात, भूकंपाचा इतिहास काय, याच जातीची भट्टी दुसरीकडे किती वर्षांत उभी राहिली. (फ्रान्समधल्या फ्लामाँव्हिलचं काम २००७ ला सुरू झालं आणि वीज जाळ्यात आली डिसेंबर २०२४ मध्ये, हे माहीत असलेलं बरं.) दुसऱ्या रकान्यात, जे कितीही मोजलं तरी सुटत नाहीत: वीज कुणाला आणि धोका कुणाला, मच्छीमाराला जमीनच नसेल तर भरपाई कशाची, नाही म्हणायचा हक्क ग्रामसभेला की दिल्लीला. दोन्ही बाजूंचे पुढारी पहिल्या रकान्यातला प्रश्न दुसऱ्यात आणि दुसऱ्यातला पहिल्यात सारखे ढकलत असतात. ती ढकलाढकल पोरांनी वर्तमानपत्राच्या कात्रणांतून पकडायची.

उधाण

मच्छीमार आणि भरपाईचा मुद्दा लिहिलात म्हणून बरं वाटलं. एक दुरुस्ती. त्या रकान्यात 'कुणाला विचारलं' याआधी 'कुठल्या भाषेत विचारलं' हे घाला. जनसुनावणीच्या अहवालाचा गठ्ठा इंग्रजीत असला की आमचे लोक पहिल्याच पानाला गारद.

कलमवाला

मास्तर, कल्टारचा तास बागेतच घ्या, माझ्याकडे दोन झाडं शेजारी-शेजारी दाखवतो, एक मात्रेतलं, एक करारातून परत आलेलं. फांद्यांची लांबी पोरांनी मोजावी. पण नोव्हेंबरच्या आत या. मोहोराची फवारणी सुरू झाली की मला मान वर करायला फुरसत नसते आणि फवारलेल्या बागेत पोरं फिरवणंही बरं नाही. मागचा_बाक, तूही ये, तुझ्या एसटीच्या आधी सोडतो.

मागचा_बाक

येतो काका. हजेरी लागेल का?